हसलेला अनारसा

शैलजा बारबोले यांच्या फोनला काहीही झालेलं नव्हतं. तरी त्यांनी तो दुकानात नेऊन दाखवला. दुकानदार त्यांच्याच हाताखाली गणित शिकलेला. त्यानं फोन उलटासुलटा करून पाहिला, आपल्या फोनवरून त्यांना एक रिंग दिली, ती खणखणीत वाजली. "बाई, फोन ठणठणीत आहे," असं म्हणून त्यानं तो परत केला. कुणी करतच नसेल तर त्याला मी काय करू, असं काही तो बोलला नाही. बाईंचा विद्यार्थी होता ना! पण त्याच्या तोंडावर ते दिसलं, आणि शैलजाबाई पर्स बंद करून तडक घरी आल्या.

आता फोन कुणी करायचा होता, हेही सांगून टाकतो. केतकीनं. केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली. बार्शीच्या घरात शैलजाबाई एकट्याच. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि शाळेतून त्या निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता.

लग्न झाल्यावर सुरुवातीची दोन वर्षं या मुलीनं आईच्या डोक्याचा पार भुगा केला होता. "आई, कणीक सैल झाली, आता काय करू?" "आई, कुकरची शिट्टीच होत नाहीये." "आई, निनादच्या पांढऱ्या शर्टावर हळद सांडलीय, लवकर सांग!" दिवसातून पाच-सहा वेळा तरी फोन. शैलजाबाई वैतागायच्या. "अगं, किती गं विचारतेस! एवढं इंजिनिअरिंग केलंस, त्यात कणीक नव्हती का?" तोंडानं असं म्हणायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. कारण कणीक हे नुसतं निमित्त असायचं. कणकेवरून सासूबाईंचा विषय निघायचा, हळदीच्या डागावरून ऑफिसातल्या साहेबाचा. एकदा वरणाला फोडणी कशी द्यायची ते विचारता विचारता केतकी हमसून हमसून रडली होती, आणि ती का रडली हे सांगायला तिला अर्धा तास लागला होता. वरण राहिलं बाजूला. शैलजाबाईंचं त्या दिवशीचं जेवणही बाजूलाच राहिलं, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मग टिकली आली.

टिकली म्हणजे काय, ते आता पोराटोरांनाही माहीत आहे, पण नीट सांगितलेलं बरं. आधी नुसत्या चाळीसेक सेकंदांच्या छोट्या क्लिप होत्या. बोटानं वर सरकवायच्या, बघायच्या आणि विसरायच्या. सगळं जग दिवसभर काही ना काही शिकत होतं आणि संध्याकाळी कुणालाच काही येत नव्हतं. हे असं का होतं, ते मेंदूवाल्यांना ठाऊक होतं. आपल्यासमोर कुणी लिंबू पिळलं, की आपल्याही मेंदूतल्या लिंबू पिळणाऱ्या पेशी हलकेच जाग्या होतात. हात हलत नाही, पण मेंदू आतल्या आत सराव करून घेतो. अडचण एवढीच, की तो सराव टिकत नाही. दिवसभरात पाहिलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे मेंदू झोपेत ठरवतो. जे ठेवायचं ते पुन्हा पुन्हा गिरवून पक्कं करतो, बाकीचं सोडून देतो.

'ठसा' नावाच्या ॲपनं नेमकी इथं लुडबुड केली. नखाएवढी एक चकती कानामागे चिकटवायची. क्लिप चालू असताना ती ध्वनिलहरींचे अगदी सौम्य ठोके द्यायची, आणि त्या चाळीस सेकंदांवर 'हे महत्त्वाचं' अशी खूण पडायची. मग झोपेत मेंदू तेवढंच गिरवत बसायचा. सकाळी उठावं तो हाताला आलेलं! ठोके कुठल्या लयीत द्यायचे, हे शिकवणाऱ्याच्या मेंदूवरून ठरे, म्हणून क्लिप करणाऱ्यालाही टिकली लावूनच रेकॉर्डिंग करावं लागे. लोकांनी त्या चकतीला टिकली म्हणायला सुरुवात केली आणि कंपनीनं दिलेलं लांबलचक नाव कंपनीपाशीच राहिलं.

चांगलीच चीज होती, त्यात वाद नाही. गल्लीतला रिक्षावाला एका आठवड्यात नळदुरुस्ती शिकला. साठीच्या बायका पोहायला लागल्या. आणि केतकीचे फोन कमी झाले. आधी पोळ्यांचे गेले, मग फोडणीचे, मग साडीच्या निऱ्यांचे. भांडण नाही, तंटा नाही, रुसवाफुगवा नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून ती विचारेनाशी झाली. राहता राहिला तो रविवारचा फोन.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मी पण. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. बरं, ठेवू?"

रविवारी फोन ठेवला की शैलजाबाईंना वाटायचं, यापेक्षा आलाच नसता तर बरं झालं असतं. मग सोमवारपासून पुन्हा वाट बघायच्या. माणसाचं असंच असतं.

त्या साली अधिक महिना आला. बार्शीत भगवंताच्या देवळात रांगा लागल्या, आणि घरोघरी जावयाला बोलावून तेहतीस अनारसे द्यायची गडबड सुरू झाली. तिकडे धोंड्याचा महिना म्हणतात तोच हा. शैलजाबाईंचे अनारसे म्हणजे सगळ्या आळीत नाव. जाळी अशी पडायची, की बघत राहावं. त्यांनी तांदूळ भिजत घालायच्या आधी केतकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, तू नको ना पाठवूस. मागच्या वेळी कुरिअरमध्ये सगळा चुरा झाला होता. मीच शिकून घेते आणि तुझ्या नावानं देते निनादला. तुला उगीच त्रास."

त्रास! शैलजाबाईंनी फोनकडे असं पाहिलं, की फोनच दोषी असावा.

पण त्या संध्याकाळी देवळातून परतताना त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली आणि त्या रस्त्यातच थांबल्या. केतकी शिकणार म्हणजे 'ठसा'वरच शिकणार. मग आपलीच क्लिप का नको? आईची क्लिप सोडून ही दुसऱ्या कुणाची कशाला बघेल?

आणि इथं त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं ते एकाच पद्धतीनं. गणित फळ्यावर सोडवत न्यायचं, शेवटच्या पायरीपाशी आलं की खडू खाली ठेवायचा, वर्गाकडे वळायचं आणि म्हणायचं, "पुढे?" मग कुणीतरी बोलेपर्यंत गप्प उभं राहायचं. मुख्याध्यापक कुरकुरायचे की यांचा पोर्शन कधी पुरा होत नाही. पण मुलं विचारायला शिकायची. न विचारणाऱ्या पोराला त्या सगळ्यात जास्त भ्यायच्या.

अनारसा हा पदार्थ मोठा लबाड. गूळ जरा जास्त झाला, की तुपात सोडल्याबरोबर तो पसरतो, विरघळतो, कढईभर भुगा होतो. याला अनारसा हसला म्हणतात. अनारसा हसला की करणारी रडते. त्यावर उपाय आहे आणि तो शैलजाबाईंना झोपेतही आला असता: बाजूला काढून ठेवलेली तांदळाची पिठी पिठात मळून घ्यायची, आच कमी करायची, पीठ जरा झाकून ठेवायचं. बस्स.

त्यांनी ठरवलं, हा उपाय दाखवायचाच नाही. एवढंच नाही, तर गूळही हात जरा सैल सोडून घालायचा. केतकीच्या हाताला आपलाच हात येणार, म्हणजे तिचाही गूळ जास्त होणार, अनारसा हसणार, आणि पुढे काय करायचं ते तिच्या हाताला ठाऊकच नसणार. मग ती काय करेल? आईला फोन करेल. दुसरं काय करणार?

हा लबाडपणा होता, हे त्यांनाही कळत होतं. पण त्याचा त्यांना इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत त्या स्वतःशीच हसत होत्या.

'ठसा'कडे नाव नोंदवलं, पुण्याहून कॅमेरा आणि टिकली आली. तांदूळ भिजवणं, वाळवणं, दळणं, गूळ मिसळून पीठ मुरवणं, सगळं त्यांनी टप्प्याटप्प्यानं रेकॉर्ड केलं. शेवटी कढईत तूप तापलं. खसखशीवर थापलेला अनारसा त्यांनी तुपात सोडला. तो हसला. शैलजाबाईंनी झारा हातात घेतला आणि तशाच थांबल्या. डोळ्यांसमोर केतकीचं स्वयंपाकघर आलं, तिचा घाबरलेला चेहरा आला, फोनकडे जाणारा तिचा हात आला. ये, घे, लाव फोन, असं त्या मनातल्या मनात म्हणत राहिल्या. क्लिप तिथंच संपली. केतकीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगून केलं तर त्यात काय राहिलं!

क्लिप अशी चालली, की विचारू नका. महिनाच अनारशांचा. लाखो लोकांनी पाहिली. गल्लीतली माणसं थांबून बोलायला लागली. शैलजाबाईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्या आंघोळीला जाताना फोन कोनाड्यात ठेवायच्या आणि नळ बारीक सोडायच्या. भाजीला जाताना पदराच्या आत धरायच्या. फोन काही वाजला नाही.

आल्या त्या शेजारच्या रजनीताई. रजनी देशमाने, त्यांच्या तीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. त्यांना अनारसे चांगले यायचे, पण मैत्रिणीची क्लिप म्हणून हौसेनं टिकली लावून पाहिली होती. आल्या आणि पाटावर बसल्या.

"शैला, तुझा गूळ जास्त झालाय गं त्यात. तुझ्या हातून? मला खरंच वाटेना."

"होतं कधी कधी," शैलजाबाई म्हणाल्या.

"ते जाऊ दे. माझे हसले. आता मला काय, उपाय माहीत नाही होय? पण माझा हातच थांबला बघ. गॅस बंद केला, फोन घेतला आणि आईचा नंबर लावायला लागले." रजनीताईंनी आपला फोन पुढे करून दाखवला. "आई जाऊन किती वर्षं झाली, शैला! नंबरसुद्धा नाही आता फोनमध्ये. बोटांना पाठ होता. लावला, तर कुणीतरी भलताच माणूस बोलला. मी सॉरी म्हणून ठेवला आणि मग बसून रडले. आत्ता आत्तापर्यंत रडत होते."

शैलजाबाईंनी चहा टाकला. रजनीताई चहा पिऊन डोळे पुसत गेल्या. आपण काहीतरी भलतंच करून बसलो आहोत, एवढं शैलजाबाईंना कळलं. नेमकं काय, ते कळेना.

रविवारी केतकीचा फोन आला.

"आई, अनारसे केले मी! तेहतीस मोजून दिले निनादला, तुझ्या नावानं. काय जाळी पडली होती!"

"हसले नाहीत?"

"एकही नाही."

"कुणाचं बघून केलेस?"

"एक वर्ध्याच्या काकू आहेत. काय सुंदर दाखवतात गं! बावीस सेकंदांत काम. का, काय झालं?"

"काही नाही. छान झालं."

"बरं, ठेवू?"

शैलजाबाईंनी फोन ठेवला. वर्ध्याच्या काकू! इकडे लाखो परक्या माणसांनी त्यांचा हात घेतला आणि पोटच्या पोरीनं वर्ध्याच्या काकूंचा. त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान सोबत तरी असते. त्यांना फक्त एकटं वाटलं, अगदी हाडांपर्यंत एकटं. नवरा गेला तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा केतकी दिवसातून दहादा फोन करत होती.

त्याच आठवड्यात पुण्याहून डॉ. अर्पिता गुणे आल्या. 'ठसा'च्या मेंदूविभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, साध्या, घामाघूम झालेल्या. बरोबर एक पेटी. रजनीताईही तेव्हा तिथंच होत्या; त्या दिवसापासून त्या शैलजाबाईंना सोडून जात नव्हत्या.

"बाई, तुमच्या क्लिपमध्ये एक गोष्ट झालीय," डॉक्टर पाणी पिऊन म्हणाल्या. "ज्यांनी ती घेतली, ते सगळे एका जागी थांबतात. अनारसा हसतो, ते गॅस बंद करतात आणि फोन उचलतात. कुणी आईला लावतं, कुणी मुलाला, कुणी वर्षानुवर्षं न बोललेल्या बहिणीला. आमच्याकडे लोकांच्या पत्रांचा ढीग पडलाय. बरेच जण आभार मानतात."

"मग बिघडलं कुठं?" रजनीताईंनी विचारलं.

"ज्यांना लावायला कुणीच नाही, त्यांचं बिघडतं. नांदेडचे एक गृहस्थ आहेत. बायको गेल्यावर स्वयंपाक शिकायला लागले. त्यांनी अनारसा सोडला आणि कढईसमोरच खाली बसले. फोन हातात, पण नाव एकही आठवेना, म्हणाले. गॅस बंद करायचा राहिला. धुरानं शेजारी धावत आले म्हणून वाचले. तो माणूस अजूनही धड जेवत नाहीये."

शैलजाबाईंनी भिंतीला पाठ टेकली.

"असं होतं कसं पण?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नुसती हालचाल मेंदूत टिकत नाही. तिला कुठल्यातरी भावनेचा गोंद लागतो. भीती वाटली होती, आनंद झाला होता, लाज वाटली होती, म्हणून तर आपल्याला आयुष्यातले ठरावीक दिवस आठवतात आणि बाकीचे पुसले जातात. 'ठसा'च्या लोकांनी आधी क्लिपमधल्या भावना गाळून पाहिल्या होत्या. पण क्लिप कोरडी केली, की सकाळी हाताला काहीच येत नसे. म्हणून करणाऱ्याच्या मनातलं थोडंसं आत राहू द्यावं लागे. "बहुतेकांच्या मनात असतं तरी काय? थोडी घाई, थोडा अभिमान. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तुमच्या मनात मात्र त्या जागी काहीतरी फार मोठं होतं, बाई. काय होतं?"

"काही नाही. तूप जास्त तापलं होतं," शैलजाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी दुरुस्ती कशी करायची ते सांगितलं: तोच हात, तीच कढई, तीच जागा. अनारसा हसला की पुढे काय करायचं तेही आता दाखवायचं. ही नवी क्लिप ज्यांनी घेतली, त्यांच्या मेंदूत जुन्या ठशावर नवा गिरवला जाईल आणि थांबणं जाईल.

"मी नाही हो घेणार ती दुरुस्ती," रजनीताई एकदम म्हणाल्या. "माझं राहू दे थांबणं. त्या निमित्तानं आई आठवली मला, नाहीतर कुठं वेळ होता!"

"ज्याला हवी त्यालाच देणार आहोत, ताई."

शैलजाबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र कढईसमोर बसलेला तो नांदेडचा माणूस होता. त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, पण तो कसा बसला असेल हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या उठल्या आणि तुपाची बरणी काढली.

टिकली लावली. अनारसा सोडला. हसला. शैलजाबाईंनी पिठी घेतली, पिठात मळली, आच कमी केली. सगळं बिनचूक. डॉक्टर पेटीतल्या पडद्यावर बाईंच्या मेंदूची रेषा बघत होत्या; अनारसा हसताक्षणी ती उसळली होती. "पुन्हा एकदा करू या," त्या म्हणाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा रेषा त्याच जागी उसळली.

"बाई, हात पुढे जातोय, पण तुम्ही अजून तिथंच थांबलेल्या आहात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही कुणाचीतरी वाट बघताय. ते बघणं असेपर्यंत मी कितीही वेळा रेकॉर्ड केलं तरी तेच उमटणार. आणि ते लोकांना देणं बरोबर नाही."

"बघतेय!" शैलजाबाईंनी झारा ओट्यावर आपटला. तुपाचे थेंब फरशीवर उडाले. "बघतेय वाट! माझ्या मुलीची! तिच्यासाठी केला मी हा सगळा उद्योग. मुद्दाम गूळ जास्त घातला, मुद्दाम उपाय दाखवला नाही. म्हटलं, अडेल तेव्हा तरी मला विचारेल. आणि तिनं माझी क्लिप बघितलीच नाही! सगळ्या महाराष्ट्रानं बघितली, ती सोडून!"

डॉक्टरांनी पेटी बाजूला सारली.

"बाई, तिला दिसलीच नसेल. कुणाला कुठली क्लिप दाखवायची ते ॲपचं यंत्र ठरवतं, आणि ते घरच्यांच्या क्लिप दाखवत नाही."

"का म्हणून?"

"त्यातून शिकणं होत नाही. आम्ही खूप तपासून पाहिलंय. समोर आपलं माणूस असलं, की बघणारा हातांकडे बघतच नाही, तोंडाकडे बघत बसतो. आई थकलेली दिसते का, केस पिकलेत का, मागे भिंतीवर तेच कॅलेंडर आहे का. चाळीस सेकंद संपतात आणि ठसा उमटतच नाही. म्हणून यंत्र अशा क्लिप वगळतं."

शैलजाबाईंनी झारा उचलून जागेवर ठेवला.

"मग ते चांगलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यात अनारसे येत नाहीत."

शैलजाबाईंनी गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि फोन उचलला. वार बुधवार, भर दुपार. कानामागे टिकली तशीच होती, ती काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. केतकीनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना? पडलीस का?"

"बरी आहे गं. काही झालेलं नाही." मग त्यांनी डोळे मिटून घेतले. "केतकी, मला करमत नाही."

पलीकडे ऑफिसातले आवाज येत होते. एक दार लागलं आणि ते थांबले.

शैलजाबाईंनी सगळं सांगितलं. गुळाचं, झाऱ्याचं, रजनीताईंच्या आईचं, नांदेडच्या माणसाचं. सांगताना लाज वाटत होती, तरी थांबल्या नाहीत.

"आई," केतकी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "तूच म्हणायचीस ना गं, किती विचारतेस म्हणून? टिकली आली तेव्हा मला वाटलं, चला, आईची सुटका झाली एकदाची. मी मुद्दाम फोन करायचे नाही. तुला त्रास नको म्हणून. कितीदा हातात घेऊन ठेवून दिलाय फोन."

"अगं, ते बोलायची रीत असते!"

"मला काय माहीत! तुझ्या रीती मी क्लिप बघून शिकू का आता?"

दोघी एकदम हसल्या आणि एकदमच गप्प झाल्या. आता बोलायचं काय, हा प्रश्न दोघींनाही पडला. इतक्या महिन्यांत सवय मोडली होती. जेवलीस का, हे विचारून झालं. निनाद कसा आहे, हेही झालं.

"काय विचारू गं तुला?" केतकी अगदी रडवेली झाली. "मला सगळं येतं आई आता. खरंच सगळं येतं."

ही मुलगी इतकी वर्षं नोकरी करते आहे, आणि कुणी विचारलं तर शैलजाबाई नुसतं 'कंपनीत आहे' एवढंच सांगायच्या, हे त्यांना आज पहिल्यांदाच जाणवलं.

"मग मी विचारते," त्या म्हणाल्या. "तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी जाऊन बसतेस, ते काय करतेस?"

"अगं... जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या असतात ना, त्यांच्यात अजून किती जीव शिल्लक आहे ते शोधून काढते. थांब, त्याची एक मस्त क्लिप आहे, तीस सेकंदांत तुला..."

"क्लिप नको. तू सांग."

"आई, ते फार किचकट आहे. मला नाही नीट सांगता येत."

"नसू दे नीट. मला कुठं घाई आहे?"

केतकीनं सांगायला सुरुवात केली. वाईट सांगत होती. मध्येच इंग्रजीत शिरायची, मध्येच म्हणायची, "नाही, थांब, हे आधी सांगायला हवं होतं." शैलजाबाई पाटावर बसल्या. "म्हणजे बॅटरी थकते? थकते म्हणजे काय होतं तिला?" त्यांनी विचारलं. केतकी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिच्या साहेबाचा विषय निघाला, आणि साहेबावरून गेल्या महिन्यात तिला मिळायची होती ती बढती दुसऱ्याच कुणाला मिळाल्याचा. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. निनादलाही नाही.

इकडे डॉक्टर पडद्याकडे वाकल्या होत्या. मघाशी उसळणारी रेषा कधीच खाली बसली होती, अगदी सपाट झाली होती. त्यांनी घाईघाईनं कॅमेरा सरळ केला, गॅस पेटवला, शैलजाबाईंच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनं सांगितलं, आत्ता, आत्ताच घेऊ या, पुन्हा अशी वेळ यायची नाही.

शैलजाबाईंनी फोनवर हात ठेवला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "मला अजून काहीच कळलेलं नाही." आणि फोन पुन्हा कानाला लावून म्हणाल्या, "हं. परत सांग."